खुशालरावांची आडवी मोटार

अमरावतीहून अकोल्याला निघालेली मोटार मूर्तिजापूरच्या पुढच्या फाट्यावर थांबली, आणि तीही रस्त्याच्या मधोमध, चांगली आडवी. मोरोपंत वकिलांना अकराला कोर्टात उभं राहायचं होतं. पहिल्याच बाकावरून त्यांनी ड्रायव्हरला हटकलं.

"खुशालराव, ही काय गाडी लावायची तऱ्हा? बाजूला घ्या."

"मांगून टरक येऊन राहिला, वकीलसायेब. बाजूले घेतली का थो भर्रकन पुढं निंघते. अन् पार्बताबाईले आयकू येत नाई."

पार्बताबाई म्हणजे नुकतीच उतरलेली म्हातारी. डोक्यावर बोरांची टोपली घेऊन ती मोटारीपुढून रस्ता ओलांडत होती. नेमकी मधोमध पोचली आणि टोपली कलंडली. बोरं रस्ताभर घरंगळली. म्हातारीने तिथंच बसकण मारली आणि एकेक बोर पदराला पुसून टोपलीत टाकायला सुरुवात केली.

मागचा ट्रक भोंगा वाजवू लागला. त्याच्या मागे कापसाच्या बैलबंड्या येऊन थांबल्या. समोरून आलेली वऱ्हाडाची बैलांची दमणीही अडली. नवरदेव खाली उतरून मुहूर्ताची चौकशी करू लागला.

"अहो, माझं नाव पुकारतील तिकडे," मोरोपंत म्हणाले.

"पुकारू द्या. बोरं थोडीच राह्यली."

ट्रकवाल्याचा धीर सुटला. मोटारीच्या कडेने त्याने ट्रक रस्त्याखाली घातला. मोटारीच्या दोन हात पुढे आला आणि चाक काळ्या मातीत खचकन रुतलं. ट्रकचं तोंड म्हातारीपासून चार हातांवर येऊन थांबलं. ती एक किडकं बोर निरखत होती.

मोरोपंतांनी ट्रककडून म्हातारीकडे पाहिलं. रस्ता मोकळा असता तर? ते खाली उतरले. तणतणत आलेला ट्रकवाला म्हातारीला पाहून जागीच उकिडवा बसला आणि बोरं वेचू लागला. मग वकील, बंडीवाले, मुंडावळ्या सावरत नवरदेव, सगळेच वाकले.

टोपली भरली. पार्बताबाईने वळून मोटारीकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"काहून रे खुशाल, रस्त्यात अशी आडवी लावतेत गाडी? येखांद्याचा जीव जाईन ना."

खुशालरावांनी हसतच दोन्ही हात जोडले. "चुकलं, माय."

तीस वर्षांच्या वकिलीत निर्दोष माणसाने इतक्या आनंदाने गुन्हा कबूल केलेला मोरोपंतांनी पाहिला नव्हता.