हरेल त्याने डबा घासायचा

जालन्याच्या मस्तगडातल्या रंगनाथमामा खरातांनी माझी रोजी राखली, हे आधी सांगून टाकतो. काय झालं, कसं झालं ते मागून येईलच. पण माझी शाळा आठवीत सुटलेली, लिहिता लिहिता कुठे वाहवत जाईन याचा भरवसा नाही. म्हणून उपकार करणाऱ्याचं नाव आधी.

पहिल्यांदा त्यांच्या दुकानाशी गेलो तेव्हा मी आत शिरलोच नाही. आत नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"सुमन, तू चीटिंग करून राह्यली! मी कोपऱ्यात सापडलो म्हणून काय बदडतच बसतीस का? अगं, उठू तर दे!"

मग धाडधाड आवाज. मग पुन्हा, "मेलो, मेलो! घे, जिंकलीस. झालं समाधान?"

बाईचा आवाज काही ऐकू येत नव्हता. मारणारी माणसं कमीच बोलतात, असं मी मनाशी म्हटलं आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसलो. टपरीवाले रऊफभाई म्हणाले, "जाओ ना अंदर. अकेलेच हैं."

"भांडण चालू आहे जी."

"वो तो रोज का है," ते म्हणाले आणि गाळणी आपटून धुवायला लागले.

एवढ्यात मामा बाहेर आले. साठीच्या पुढचे, किडकिडीत, चष्म्याची एक काडी वायरने बांधलेली, हातात स्टीलचा डबा. नळाशी उकिडवे बसले, राखेने डबा घासायला लागले. मी बघतोय हे पाहून अगदी गंभीरपणे म्हणाले, "हरलो."

मी दुकानात डोकावलो. आत चिटपाखरू नव्हतं.

ते चिटपाखरू नसलेलं दुकान म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमच्या पेट्यांचा दवाखाना. कपाटाएवढ्या लाकडी पेट्या, त्यात काचेचा पडदा, खाली दांडा आणि बटणं. पूर्वी गावोगावच्या पार्लरमध्ये पोरं रुपया टाकून त्या खेळायची. आता त्या कुणी बनवत नाही आणि दुरुस्त करणाराही कुणी उरला नाही. आमच्यासारखे फिरत्या आनंदमेळ्याचे लोक आणि एखादा हौशी हॉटेलवाला सोडला तर मामांकडे गिऱ्हाईक नाही. पण मामांना तशी घाईही नाही. "जल्दी कशाची?" हे त्यांचं पालुपद. बोर्ड हातात घेतला की मीटर लावायच्या आधी ते नाकाशी धरतात. जळका वास वेगळा, कुजका वेगळा, उंदराचा तिसराच. बोर्डावरच्या काळ्या, दोन्हीकडून पाय असलेल्या चिपांना ते गोमा म्हणतात. "ही गोम जिती हाय. ही मेली. ही सोंग करून राह्यली."

दुकानात एका शब्दाला बंदी आहे. तो शब्द म्हणजे भंगार. जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत, सगळ्या मुलखाचा मोडका माल ट्रक भरभरून इथे वितळायला येतो. त्या ट्रकांतून मामा पेट्या आणि बोर्ड उचलून आणतात. त्यामुळे त्यांच्या पेट्यांना त्या शब्दाची धास्ती आहे, असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्याच दिवशी तो शब्द बोललो. मामांनी ओठांवर बोट ठेवलं. "गप! पेटी ऐकून राह्यली." गल्लीत हातगाडीवाला "भंगाऽर" ओरडत आला की मामा हातातलं काम टाकून रेडिओ मोठा करतात. रऊफभाईंच्या टपरीला त्यामुळे फुकट गाणी मिळतात.

आता माझं सांगतो. मी साकोलीकडचा, भंडारा जिल्ह्यातला. बायको आणि मुलगी तिकडेच. आमच्या गावात एकदा आनंदमेळा आला, मी खांब रोवायला म्हणून लागलो आणि मेळ्याबरोबर निघालो तो फिरतोच आहे. मला काळजीची सवय आहे. आकाशपाळण्याचा नट सैल नसला तरी मला तो सैल दिसतो, रात्री उठून बघून येतो. ही माझी सवय बघून मेळ्याच्या मालकीणबाईंनी गेमचा तंबू माझ्या हवाली केला. तंबूत लहानसहान खेळ बरेच, पण कमाई एकाच पेटीची. मारामारीचा गेम. एक टकला पैलवान, एक पिवळ्या चड्डीवाला. पोरांच्या खिशात मोबाइल असतात, तरी बटणं बडवायला रांग लागते. मोबाइल बडवला तर बाप बडवतो, म्हणून असेल.

मेळा घनसावंगीला असताना खंडेनवमी आली. मालकीणबाई भाविक. त्यांनी जनरेटर पुजला, पाळण्याचं इंजिन पुजलं, हातोडे पुजले, मग गेमच्या पेटीपाशी आल्या. मी बाहेरून हळदकुंकू लावणार, तर म्हणाल्या, "देवाला दारातून हात जोडत्यात का? गाभाऱ्यात जायचं असतं." मागची फळी उघडायला लावली. आत उभा असलेला हिरवा बोर्ड त्यांना फारच पवित्र वाटला असावा. त्याला ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि पेटीच्या आतल्याच लोखंडी पट्टीवर नारळ फोडला. मी "बाई, बाई" म्हणेपर्यंत पाणी बोर्डावरून ओघळलं होतं. "चालू कर, प्रसाद मिळाला तिला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आधी सुकू तर द्या. पण मालकीण ती मालकीण. बटण त्यांनीच दाबलं. पडद्यावर आडव्या रेघा आल्या, खोबरं भाजल्यासारखा वास आला आणि पेटी गेली.

बाई आधी रडल्या. डोळे पुसून झाल्यावर मात्र हिशेबी झाल्या. "कुंभार पिंपळगावला मेळा लागायच्या आत चालली तर ठेवते. न्हाई तर जालन्याच्या भट्टीवर टाकून देते. आन् तंबूच न्हाई तर मंग तंबूवाला कशाला? तू बी गावाकडं जा, लेकराबाळांत राहा." हे त्या प्रेमानेच बोलल्या, त्याची जास्त भीती वाटली. गावाकडे माझ्यासाठी काय ठेवलंय ते मला ठाऊक होतं. म्हणून पेटी टेम्पोत घालून मस्तगडला आलो.

डबा पुसून ठेवून मामांनी बोर्ड नाकाशी धरला. पुन्हा धरला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं, नारळ फोडलं का याच्यावर?"

"हाव जी."

"आन् हे कुंकू? लगन लावायचं होतं का बोर्डाचं?" त्यांनी चिमट्याने गोमेच्या पायांतून एक तांदूळ उपसला, उजेडात धरला. "कुठले तुम्ही?"

"भंडाऱ्याकडचा."

"मंग बराबर. तांदूळ तुमच्याच मुलखाचा दिसतो."

मी हसलो नाही. मला हसू येत नव्हतं. त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. टूथब्रश आणि थिनर काढून ते कामाला बसले आणि मला भाकरी दिली. म्हणाले, "आज भात न्हाई. भात म्हंजे काय जेवण हाय का? ते पाणी प्यायचं निमित्त."

मेळा कुंभार पिंपळगावला लागेपर्यंत मी तिथेच राहिलो. मामा राळ आणि कथील लावून तुटलेल्या रेघा सांधत. मी सारखा विचारी, "होईल ना जी?" ते म्हणत, "जल्दी कशाची?" मी म्हणे, "जल्दी आहे जी मामा, मला आहे." मग ते रेडिओ लावत. तो माझ्यासाठीही लावतात, हे मला उशिरा कळलं.

रोज दुपारी जेवण झालं की ते कोपऱ्यातल्या एका जुन्या पेटीपुढे उभे राहत. उजव्या हाताने एक नंबरचा गडी खेळवत, डाव्या हाताने दोन नंबरचा, आणि डाव्या हाताशी भांडत. डावा हात दरवेळी जिंके. मग "चला, डबा माझ्याकडं" म्हणून नळावर जात. त्या पेटीच्या दोन नंबरच्या बाजूला एक स्टूल होतं, वर गोधडीची घडी. मी एकदा दमून त्यावर टेकलो तर मामा एवढंच म्हणाले, "तिथं नगं." मी पोत्यावर बसलो.

शेवटी बोर्डावरच्या सगळ्या गोमा जित्या निघाल्या, एक सोडून. ती मेली होती. गेममधल्या गड्यांची चित्रं तिच्याच पोटात होती. मामांनी डबे उपसले, पेट्या उघडल्या, ओळखीच्या दोन दुकानांत जाऊन आले. तशी गोम कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी मेळा लागायचा होता. मी पिशवीत कपडे भरायला घेतले. बायकोला फोन लावला आणि तिने उचलायच्या आत बंद केला. काय सांगणार होतो?

मामांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग उठले, कोपऱ्यातल्या त्या पेटीची मागची फळी खोलली, आत हात घातला आणि एक गोम उपसून माझ्या पेटीत बसवली. दोन्ही पेट्या एकाच कंपनीच्या, एकाच गेमच्या होत्या. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

बटण दाबलं. टकला पैलवान पडद्यावर आला आणि दंड थोपटायला लागला. मला रडू फुटलं. मामा म्हणाले, "रडू नको, बोर्डावर पाणी पडंल. नारळाचा एक डाव झालाय तेवढा पुरे."

मी म्हटलं, "मामा, पण तुमची पेटी?"

"पेटी बंद हाय, मेली न्हाई." मग तिची फळी लावता लावता म्हणाले, "आमचं पार्लर होतं इथंच. दुपारी पोरं जेवायला गेली की ही डबा घेऊन यायची. जेवण झालं की एक डाव. हरंल त्यानं डबा घासायचा. सुरुवातीला मी मुद्दाम हरायचो. नंतर मुद्दाम हरायची गरज राह्यली न्हाई." ते हसले. "तिला जाऊन तिसरं वरीस चालू हाय. ह्या पेटीला भट्टीवाले मागून गेल्ते दोनदा. मी म्हणलं, तिचा डाव बाकी हाय."

सुमनमामींबद्दल ते एवढंच बोलले. मग एकदम कामाचा आवाज काढला. "दोन्ही बाजू तपासल्याबिगर मी पेटी देत न्हाई. माझा एक हात आज थकलाय. तुम्ही घ्या दोन नंबर." आणि कोपऱ्यातलं स्टूल, गोधडीच्या घडीसकट, उचलून माझ्या पेटीपाशी आणून ठेवलं.

मी बसलो. इतकी वर्षं गेमचा तंबू सांभाळतोय, पण स्वतः कधी खेळलो नव्हतो. रांग सांभाळणाऱ्याला खेळायला कधी मिळतं? माझा पिवळ्या चड्डीवाला उडी मारायच्या ठिकाणी बसायचा आणि बसायच्या ठिकाणी मार खायचा. मामांच्या टकल्याने त्याला चहा गाळायच्या आत लोळवला. रऊफभाई दारातून बघत होते. म्हणाले, "अरे मामू, आप जीत गये!"

मामा पडद्याकडे बघत राहिले. "हां," ते म्हणाले. "जिंकलो वाटतं."

मी उठलो, डबा घेतला, नळावर गेलो. राखेने घासत होतो तर मामा मागे येऊन उभे. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते, कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. एकदा कमरेवर ठेवले, एकदा मागे घेतले. शेवटी म्हणाले, "कडंनी बी घासा. कडंला राह्यलेलं तिला चालत न्हाई."

मी कडेने पुन्हा घासला.

मेळा कुंभार पिंपळगावला वेळेवर लागला. बाजाराच्या दिवशी तंबूपुढे रांग होती. मालकीणबाईंनी पेटीची दृष्ट काढली, पण बाहेरून. मामांची मजुरी त्यांनी पोचवली, ती मामांनी मुकाट घेतली. त्या गोमेबद्दल मात्र कुणी त्यांना काही दिलेलं नाही, आणि त्यांनी मागितलेलंही नाही.

आता मेळा ज्या गावी लागतो तिथे खांब रोवून झाले की मी आधी मोडक्या मालाची दुकानं फिरतो. दुकानाचं खरं नाव मी घेत नाही, कारण आमची पेटीही ऐकत असेल. जुने बोर्ड दिसले की आधी वास घेतो. दुकानदार हसतात, हसू देत. अजून तशी गोम मिळालेली नाही. तंबूत गर्दी नसली की मी दोन नंबरला उभा राहतो आणि एखाद्या पोराला म्हणतो, ये, मला मार. हल्ली पोरांना थोडा वेळ लागतो.

गोम मिळेल त्या दिवशी मी मस्तगडला जाणार. कोपऱ्यातल्या पेटीत ती बसवणार आणि सुमनमामींचा डाव पुन्हा चालू करून देणार. मग मामा 'बसा' म्हणाले, तर त्या स्टुलावर बसून त्यांना हरवणार, मुद्दाम नाही, खरोखर. आणि डबा त्यांच्या हातात देणार.