हणमंतअण्णांची गुळणी

आमचे घरमालक हणमंतअण्णा यांनी आयुष्यात कधी दारू प्यायली नाही. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. ते रोज संध्याकाळी रमने गुळण्या करत, आणि गुळणी झाल्यावर एवढी चांगली वस्तू मोरीत थुंकायची कशी, म्हणून गिळून टाकत. एका संध्याकाळी अशा किती गुळण्या होत ते त्यांच्या बाटलीलाच ठाऊक. सुरुवातीच्या दोन-चार गुळण्यांचा आवाज जयनगरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. नंतरच्यांना आवाजच नसे.

"तोंड म्हंजे मशीनचं इनलेट, तायी," ते मला समजावत. "इनलेट साफ तर मशीन साफ. स्वल्प स्पिरिट फिरवायचं, किडा मरतो."

अण्णांचं सगळं आयुष्य बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पार्ट तपासण्यात गेलं होतं. रिटायर झाल्यावर तपासायला माणसंच उरली. पाठ दुखली तर "अलाइनमेंट गेली", पोट बिघडलं तर "आउटलेट जाम", आणि स्वतःचे पडलेले दात म्हणजे "व्ही.आर.एस. घेऊन गेले". त्यांचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इकडचंच झालं. बाहेर अण्णा अस्सल कानडी बोलत. घरात मात्र मराठी, तीही त्यांची स्वतःची. मी पुण्याची, नोकरी मारतहळ्ळीला. ऑफिसात हिंदी-इंग्रजीत दिवस जायचा. घरी तरी मराठी कानावर पडावी म्हणून एवढ्या लांब, यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. घर बघायला आले तेव्हा अण्णा म्हणाले, "तुला काय काय होना ते सांग." मी म्हटलं, "काय होणार?" दोघंही बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांच्या घरात 'पाहिजे' हा शब्दच नव्हता. होना म्हणजे हवं. आणि तायी म्हणजे ताई नव्हे, कानडीतली आई, हेही मला पुढे कधीतरी कळलं.

पहिल्याच महिन्यात माझी अक्कलदाढ दुखायला लागली. मी जिन्यात गाल धरून उभी, तर अण्णा स्टीलच्या वाटीत रममध्ये भिजवलेला कापूस घेऊन हजर. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याच्या, समोरच्या वॉचमनच्या, सगळ्यांच्या दाढांना त्यांनी हे औषध लावलेलं होतं. नाही म्हणण्याइतकं तोंड उघडलं तेवढ्यात कापूस आत गेलासुद्धा. तासाभराने दाढ बधिर झाली आणि दुसऱ्या दिवशी हिरडीची कातडी पांढरी होऊन सुटायला लागली.

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आरशातून बघत म्हणाल्या, "हे भाजलंय. कुणी लावलं?"

मी नाव सांगितलं नाही. पण त्या खुर्चीतून मला खिडकीबाहेर आमच्या घराची गच्ची दिसत होती, आणि गच्चीवर अण्णा हात हलवत होते.

अण्णांच्या घरात आणखी एक माणूस होतं. त्यांची थोरली बहीण, अक्का. अण्णांनी लग्न केलं नाही आणि अक्का लवकरच विधवा होऊन माहेरी आलेली. आता तिची दृष्टी गेली होती आणि बाकीचं बरंचसं आठवणीतून सुटत चाललं होतं. ती दिवसभर आतल्या खोलीत पलंगावर बसून असे आणि अण्णा तिच्याशी अखंड बोलत. भाजीवाला काय म्हणाला, कुणाच्या घरी रंग काढतायत, कुत्र्याने कुणाची चप्पल नेली. मला वाटायचं, गुळण्या जास्त झाल्या की माणूस असा बोलत सुटतो.

मग कधीतरी ते बोलणं कमी झालं.

आधी मला ते कळलं नाही. एवढंच दिसलं की अण्णा तिखट खाईनासे झाले. डोश्याबरोबर चटणी नको, लोणचं नको. मग डोसाही नको, नुसता दहीभात. घास एकाच गालात फिरवायचे. आणि गुळणी घेतली की डोळे गच्च मिटून भिंतीला हात लावायचे.

एका रविवारी सकाळी ते अंगणात वेताच्या मोढ्यावर बसले होते. मला हाक मारली. "तायी, तुझ्या मोबाइलचं टॉर्च लाव की. आत गंज चढल्यागत वाटतंय."

मी उजेड पाडला. अण्णांनी जीभ बाहेर काढून एका बाजूला ओढून धरली. जिभेच्या कडेला एक पांढरा चट्टा होता, दुधाची साय चिकटून राहावी तसा, आणि त्याच्या काठाने लाल, सोललेलं. त्यावर ओरखडे होते. अण्णांनी तो चमच्याने खरवडून बघितला होता. तो निघाला नव्हता.

अण्णांनी जीभ सोडली.

"गंज हाय काय?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, डॉक्टरांकडे जाऊ या. आजच."

त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू तो चट्टा मीच तिथे ठेवला. "बेडा," ते म्हणाले. नको. "एवढी वर्सं स्पिरिटनं धुतलेलं तोंड. त्यात काय जगणार?"

पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्या मागे होते आणि ते माझ्या पुढे पळत होते. माझ्या गाडीचा आवाज आला की खालचं दार लागायचं. मध लावून झाला, हळद लावून झाली, तुरटी झाली. गुळण्या वाढल्या. गल्लीतल्या लोकांना ते सांगत की दात टोचतोय. त्या बाजूला दात नव्हताच. शुक्रवारी टीमबरोबर बिअर घ्यायचा आमचा रिवाज होता. त्या शुक्रवारी ग्लास समोर आला आणि मी बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी राहिले. सोबतची मुलगी आत आली, तिने मला बघितलं, आणि काही न विचारता बाहेर गेली.

मग एका सकाळी अण्णाच वर आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, कारखान्याला जाताना घालत तसले बूट. दारातच म्हणाले, "चल."

कशामुळे तयार झाले ते मी विचारलं नाही. विचारलं तर परत फिरतील अशी भीती वाटली.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. अण्णांनाही ओळखलं असावं. खुर्चीत बसल्या बसल्या अण्णांनी त्यांना इनलेट-आउटलेटचं सगळं शास्त्र कानडीत ऐकवलं. बाई हसल्या. मग त्यांनी तोंडात आरसा घातला आणि हसू थांबलं. त्यांनी जीभ बोटांत धरून वळवली, खाली बघितलं, जबड्याखाली गाठी आहेत का ते चाचपलं, आणि पुन्हा जीभ बघितली. अण्णांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि थरथरत होते. ती थरथर भीतीची की सकाळपासून गुळणी न घेतल्याची, मला कळेना.

"अण्णा," शेवटी बाई म्हणाल्या, "रोज किती घेता?"

"घेत न्हाई. गुळणी..."

"किती?"

अण्णांनी पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. ते ऐकून मी खिडकीकडे बघायला लागले.

बाईंनी रागावून काही सांगितलं नाही, म्हणून ते जास्त भीतीदायक वाटलं. दारूने किडा मरत नाही, लाळ सुकते, त्या म्हणाल्या. लाळच दातांना आणि हिरड्यांना जपते. तुमचे दात असे एकेक करून त्यानेच गेले. तोंडाची आतली कातडी रोज भाजते, आणि पोटात गेल्यावर त्याच दारूचं जे होतं ते पेशींना बिघडवतं. तोंडातल्या, घशातल्या, लिव्हरच्या. आता बंद करायचीच, पण स्वतःच्या मनाने एकदम नाही. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. मोठ्या हॉस्पिटलात जा, ते औषधं देऊन सोडवतील. आणि या चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

"त्यात काय निघंल?" अण्णांनी विचारलं.

"ते तपासल्यावर कळेल."

तुकडा काढला, रक्त तपासलं, लिव्हरला सूज निघाली. गोळ्या सुरू झाल्या. अण्णा घामाघूम व्हायचे, चहाचा कप त्यांच्या हातात वाजायचा. रिपोर्टच्या दिवशी आम्ही हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. समोरच्या बाकावर एक माणूस नाकात नळी घालून बसला होता. त्याच्या गालाला शिवणीचा व्रण होता आणि बरोबरची बाई त्याच्या वतीने सगळ्यांशी बोलत होती. अण्णा त्याच्याकडे बघत होते आणि मी अण्णांना दुसरीकडे बघायला लावत होते.

"मरायची भीती न्हाई, तायी," ते एकदम म्हणाले. जीभ जड होती, शब्द सुजलेले येत होते. "जीभ काढली तर?"

"असं काही नसेल, अण्णा."

"ऐक की. अक्का कानडी विसरली. सगळी. शेजारीण आली, कानडीत बोलली, तर अक्का घाबरून रडती. आईनं शिकवली ती आमच्या घरची मराठीच तेवढी ऱ्हायली तिला. ती बोलनारं माझ्याबिगर कोन हाय आता? भाऊबंद सगळे गेले, त्यांच्या पोरांना येत न्हाई. तुझी पुण्याची मराठी तिला रेडिओ वाटती. त्या दिवशी माझं बोलनं तिला कळंना. दोनदा म्हनली, नीट बोल की, हणम्या. तवा मी तुझ्याकडं वर आलो."

आतून नाव पुकारलं. उठताना अण्णांनी माझी ओढणी धरली होती, लहान मूल धरतं तशी, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद बघितला आणि आधी मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ लागेपर्यंत माझा जीव गेला होता. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. आणखी थांबले असते तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, बोटाने कॉरिडॉरकडे दाखवलं फक्त. चट्टा भोवतालच्या भागासकट काढावा लागेल. जीभ राहील. बोलणं काही दिवस जड होईल. आणि पुन्हा दारू लागली तर मग त्यांच्या हातात काही उरणार नाही.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस अण्णांनी मला शिकवणी दिली. मी ऑफिसातून आले की ते मला पलंगाजवळ बसवत. 'जेवलात का' नाही, 'जेवन जालं काय'. 'पाणी हवंय' नाही, 'पानी होना'. मी चुकले की ते कपाळाला हात लावत. "अय्यो! सायबाची पोर." अक्का हसत असे. अण्णा कुठे आहेत असं तिने विचारलं तर काय सांगायचं तेही त्यांनी ठरवून दिलं होतं. बोम्मसंद्र्याला ड्यूटीवर गेलाय.

ऑपरेशन झालं. ते घरी आले तेव्हा जिभेला टाके होते आणि काही दिवस बोलायला बंदी. मी अक्काला भरवत होते, माझं मोडकं 'होना' लावत होते, आणि अण्णा दाराशी उभे राहून हातवाऱ्यांनी चुका दाखवत होते. अक्का रोज विचारायची, "हणम्या कुटं हाय?" मी रोज त्याला ड्यूटीवर पाठवत होते. तो समोरच उभा असायचा.

टाके निघाले. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली त्या दुपारी अण्णा आंघोळ करून अक्काजवळ बसले आणि तिचा हात हातात घेतला. "अक्का," ते म्हणाले. 'क' नीट आला नाही. "जेवन जालं काय?"

अक्काने हात काढून घेतला.

"कोन रे तू?"

"हणम्या की, अक्का."

ती पुढे झुकली, त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि भिंतीकडे सरकली. "न्हाई. आमच्या हणम्याच्या तोंडाला वास मारतो. तू दुसरा हायस. हणम्याला बलीव."

अण्णा उठून बाहेर आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले. कोपऱ्यावर, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या पलीकडे, वाइन्सचं दुकान आहे. आमच्या अंगणातून त्याची हिरवी पाटी दिसते. अण्णा तिच्याकडे बघत होते.

"स्वल्प, तायी," ते म्हणाले. "एक गुळणी. गिळत न्हाई मी, शप्पत. नुसती फिरवून थुंकतो. वळखंल ती मला."

आतून अक्का हाका मारत होती, हणम्या, हणम्या, आणि प्रत्येक हाकेला त्यांचा खांदा दचकत होता. मी त्यांची बाही धरून ठेवली. ते उठले असते तर त्या बाहीने थांबले नसते, हे मला माहीत होतं.

ते उठले. स्वयंपाकघरात गेले. दहीभात कालवून आणला आणि अक्कासमोर बसले.

तिने त्यांना दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा भूक लागली असावी, म्हणून घास घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अण्णा आता तिला आपण कोण ते सांगत नव्हते. फक्त बोलत होते. भाजीवाला, रंगकाम, कुणाच्या घरी बाळ झालं. शब्द जड होते, पण तिच्याच घरचे होते, आणि अक्का मान तिरकी करून ऐकायला लागली.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन त्यांच्या दारात उभी होते. अण्णा घास भरवत होते. अक्काने तो गिळला, हाताने चाचपून त्यांचा खांदा शोधला आणि माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली, "पोरी, ह्यो मानूस बरा हाय बग. आमच्यागत बोलतो. हणम्या ड्यूटीवरनं येईपतूर ऱ्हाऊ दे ह्याला."

अण्णांनी तिच्याच पदराच्या टोकाने तिचे ओठ पुसले.

"ऱ्हातो की, अक्का," ते म्हणाले.