परबकाकांचे दहा प्रश्न

परबकाकांच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नाही. आतून प्रश्न येतो.

"आपण खाण्यापिण्याच्या धंद्यात आहात का?"

नवा कुरिअरवाला गडबडतो. एका हातात पार्सल, दुसऱ्या हातात फोन, खाली गेटसमोर आडवी लावलेली बाइक. "अंकल, कुरिअर है!" असं तो ओरडला की काका आतून चिडतात. "नाव नाही सांगायचं! हो किंवा नाही, बस!" दहा प्रश्नांत बाहेर कोण आहे ते ओळखायचं, हा त्यांचा नियम. ओळखलं की दार उघडतं, काका हात जोडून "या पाहुणे!" म्हणतात आणि समोरच्याच्या तळहातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवतात. आता बहुतेक जण सरावलेत. आमचा इस्त्रीवाला तर मुद्दाम आवाज बदलून उत्तरं देतो.

मी त्यांच्या अगदी समोर राहते, त्यामुळे हा कार्यक्रम मला रोज फुकटात ऐकायला मिळतो. सुरुवातीला माझं डोकंच फिरायचं. एकदा ऑफिसला उशीर होत असताना मी घराची किल्ली ठेवायला त्यांच्याकडे गेले, तर आतून प्रश्न आला, "आपण स्त्री आहात का?"

"काका, मी शिल्पा! उघडा ना, उशीर होतोय!"

"नाव सांगितलंस? खेळ बाद! पुन्हा पहिल्यापासून."

परबकाका मूळचे मालवणकडचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. अंधेरीत सगळा जन्म गेला तरी बोलता बोलता मालवणीत घसरतात. काकू असताना दोघं जेवणं आटोपून टीव्हीवरचे ते जुने खेळ बघत बसायची. चार नामवंत मंडळी डोळ्यांवर पट्ट्या बांधून बसतात, समोर एक गुपित पाहुणा येतो आणि हो-नाहीचे प्रश्न विचारून त्याला ओळखायचं असतं. काकू गेल्यावर काकांनी परदेशातले काळ्या-पांढऱ्या जमान्यातले तसलेच खेळ मोबाइलवर शोधून काढले. इंग्रजी विनोद त्यांना अर्धेमुर्धेच कळतात, पण त्यांचं लक्ष विनोदाकडे नसतंच. ते पॅनेलवरच्या मंडळींचे चेहरे बघतात, आणि त्या सेलिब्रिटींबद्दल त्यांची मतं इतकी ठाम आहेत की सोसायटीच्या पाण्याच्या वेळेबद्दलसुद्धा ते इतक्या पोटतिडकीने बोलत नाहीत.

"हा टकलू बघ," ते मला मोबाइल दाखवत म्हणाले. "लोकांच्या आधी स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसतो. आणि तो चष्मेवाला. पटापट ओळखतो, हुशार आहे, पण परीक्षेला बसलाय मेला! पाहुणा धड खुर्चीत टेकला नाही तर याचं उत्तर तयार. अरे, खेळ कोणाचा? तुझा की पाहुण्याचा?"

त्यांचा सगळा जीव एका मोत्यांच्या माळवाल्या बाईवर. समोर आडदांड पैलवान बसलाय आणि ही गोड आवाजात विचारते, "आपण बायकांच्या टोप्या शिवता का?" पैलवान लाजून लाल. प्रेक्षक हसून बेजार.

"तिला काय कळलेलं नसतं?" काका म्हणतात. "खुर्ची कशी करकरली त्यावरून कळलेलं असतं! पण ती वेड्यासारखं विचारणार. स्वतः मूर्ख दिसणार आणि पाहुण्याला राजा करणार. याला म्हणतात पॅनेलवर बसणं. पुढचा प्रश्न!"

हे "पुढचा प्रश्न" त्यांचं पालुपद. भाजीवाल्याने भाव सांगितला, डॉक्टरांनी साखर सांगितली, पुण्याहून मुलीने फोनवर "बाबा, एकटं वाटतं का?" विचारलं, की काका म्हणतात, "पुढचा प्रश्न!"

यंदा सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या सत्यनारायणाच्या पूजेला संध्याकाळच्या कार्यक्रमात हाच खेळ ठेवायचा ठरलं. सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलं. पॅनेलवर एक परबकाका आणि दुसरा बी विंगमधला हर्षल. हर्षल एका मालिकेत नायिकेचा खडूस दीर असतो, म्हणजे आमच्या सोसायटीचा एकुलता एक सेलिब्रिटी.

शेवटची पाहुणी म्हणून मी देसाईआजींना तयार केलं होतं. तळमजल्यावरच्या आजींनी सोसायटीच्या ऑफिसात वर्षानुवर्षं बालवाडी चालवली. आज टक्कल पडलेले आमचे बाप्ये त्यांच्याकडेच अ आ इ शिकलेत. पण आजोबा गेले आणि आजींनी कंपाउंडकडची खिडकी लावून घेतली ती लावलीच. कट्ट्यावर येणं बंद, कुणाशी बोलणं बंद. मी हातापाया पडले तेव्हा कुठे म्हणाल्या, "दोन मिनिटं बसेन हं, आणि निघेन."

आणि इथे हर्षल सुसाट सुटला होता. वॉचमनला पहिल्या प्रश्नात ओळखलं, सेक्रेटरींना दुसऱ्या. टाळ्या, शिट्ट्या. याने आजींनाही असंच चुटकीसरशी ओळखलं, तर त्या उठणार, घरी जाणार आणि ती खिडकी पुन्हा काही उघडणार नाही.

आजी आल्या. फरशीवर काठी टकटकली. पट्टीखाली काकांचा चेहरा बदललेला मी पाहिला. हर्षलने तोंड उघडायच्या आत ते गरजले, "पहिला प्रश्न माझा! आपण कधी कुस्ती खेळला आहात का?"

सगळं कंपाउंड हसलं. आजींनी तोंडावर रुमाल धरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "हो."

चक्क खोटं! सूत्रसंचालक म्हणून मी हरकत घ्यायला हवी होती. मी माइक खाली केला.

"आपल्याला मिशा आहेत का?" काका.

"हो."

"आपण जिमचे ट्रेनर!" हर्षल ओरडला.

"नाही," आजी म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"आपण लोकांना उठाबशा काढायला लावता का?" पुन्हा काका.

हे मात्र खरं होतं. मागच्या रांगेतले बाप्ये पोट धरून हसायला लागले, एकाने तर उठून दोन उठाबशा काढून दाखवल्या. आजींचा रुमाल कधीच खाली पडला होता. बिचारा हर्षल पैलवान, हवालदार, बँडवाले असे एकेक अंदाज बांधत सुटला. काकांचे प्रश्न त्याहून येडचाप. दोन मिनिटांची कधीच वीस झाली होती.

दहावा प्रश्न काकांचा. ते खुर्चीत पुढे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "आपण उद्या संध्याकाळी कट्ट्यावर येणार का?"

आजींनी खाली पडलेला रुमाल उचलला.

"हो," आजी आपल्या खऱ्या आवाजात म्हणाल्या.

"हरलो बुवा!" काकांनी पट्टी काढली. "काही ओळखता येत नाही."

हर्षलने पट्टी काढून समोर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काका, वाट लावलीत ना माझी!" मग स्वतःच हसत जाऊन आजींच्या पाया पडला.

खुर्च्या आवरताना मी काकांना गाठलं. "कधी ओळखलंत?"

"काठयेचो आवाज इलो तेव्हाच माका कळला."

"मग?"

"ओळखलं की पाहुणा उठून जातो गो," ते खुर्ची उचलत म्हणाले. "आणि आपल्याबद्दल लागोपाठ दहा प्रश्न कोण विचारतो आजकाल? बरं वाटतं माणसाला." आणि खुर्ची घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा आजी कट्ट्यावर बसल्या होत्या. वर आले आणि काकांच्या दारासमोर थबकले. लिफ्टचं दार, कुणाचे बूट, कुणाच्या चपला, यांना सगळं ऐकू येत असणार. माझं दार तर चार हातांवर. बाहेर कोण आहे ते यांना बेल वाजायच्या आधीच कळत असणार, रोजच. हा मनुष्य इतकी वर्षं सगळ्यांना पाहुणा करत आला, आणि त्याला स्वतःला कुणी पाहुण्याच्या खुर्चीत बसवलंच नव्हतं.

मी बेल वाजवली.

"आपण नोकरी करता का?" आतून आवाज आला.

"काका, आज मी विचारणार. तुम्ही हो की नाही सांगायचं."

मग खुर्ची सरकवून कुणीतरी दाराजवळ आणल्याचा आवाज आला.

"आपण आज दुपारी जेवलात का?"

"हो."

"गरम?"

"...नाही."

"सकाळपासून कुणाशी बोललात का?"

"नाही."

"काकूंची आठवण येते का?"

मला वाटलं, आता "पुढचा प्रश्न" येणार. आला नाही. कडी निघाली आणि काका दारात उभे राहिले. हातात लाडू नव्हता.

"हो," ते म्हणाले. "अजून किती उरलेत गो?"

"आज मोजायचे नाहीत," मी म्हटलं आणि आत गेले.