जांभळ्या गांडुळांचा गोळा

"बघच तू! उद्या तुझे बाबा माझी पाठ थोपटतात की नाही!" लायलनं बायकोला ठणकावून सांगितलं.

बढाईला कारण होतं. लग्न झाल्यापासून सासरेबुवांनी, म्हणजे होइट यांनी, त्याला एकदाही बोटीत घेतलं नव्हतं. अलाबामाच्या त्या तळ्यावर पोरं चालायच्या आधी गळ टाकायला शिकतात, आणि लायल पडला ओहायोचा, विमा कंपनीतला! सासरे त्याला नावानं हाकसुद्धा मारत नसत. "ए ओहायो!" बस्स. पण उद्या चर्चची बास मासे पकडायची स्पर्धा होती आणि होइट यांचे जोडीदार बर्ल ऐन वेळी गुडघा धरून बसले होते, म्हणून बोटीतली जागा लायलला मिळाली होती.

मग काय! लायलनं सासऱ्यांची आमिषांची पेटी गुपचूप आवरायला घेतली. मासे भुलवायची सगळी रबरी गांडुळं रंगवार लावली. जुनी जांभळी आणि नवी लवचिक जांभळी एका खणात. दुपारभर पेटी पिकअपमध्ये उन्हात राहिली.

सकाळी भर तळ्यात होइट यांनी पेटी उघडली. आत गांडुळं नव्हतीच. एक चिकट, लिबलिबीत, जांभळा गोळा! गाळ झालेल्या शेवयांसारखा!

"हे काय आहे?"

"मी... रंगवार लावलं, मिस्टर होइट. जांभळ्यात जांभळी."

"अरे देवा! या दोन जाती एकत्र ठेवल्या की एकमेकींना विरघळवतात! आमच्याकडं शाळेतलं पोर सांगेल तुला! ही जुनी बनवणारा म्हातारा गेला रे! आता कुठून आणू?"

होइट यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. लायलला वाटलं, शिव्या तरी घाला हो! बोटीतली ही पहिली फेरी, आणि बहुतेक हीच शेवटची!

काहीतरी करायचं म्हणून त्यानं गोळ्यातून एक लचका तोडला. तीन शेपट्या लोंबत होत्या. बायकोनं शिकवलं होतं तसा गळ गांडुळाच्या तोंडातून घातला, फिरवला आणि टोक अंगातच लपवलं, म्हणजे शेवाळात अडकायला नको.

"हे बघून मासे हसतील," होइट पुटपुटले.

"हसायला तोंड तर उघडतील!" लायलच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्यानं जीभ चावली.

त्यानं कमळाच्या पानांजवळ गळ टाकला. दोर थरथरला. तो खेचणार तोच होइट ओरडले, "थांब! अजून नको! गिळू दे... आता! हाण!"

काठी कमानीसारखी वाकली! बोट गरकन फिरली, सासरे जाळं घेऊन गुडघ्यांवर, जावई बर्फाच्या पेटीवर आडवा! "सोडू नकोस, लायल! लायल, सोडू नकोस!" आणि धप्पकन भलामोठा बास बोटीत!

लायलला मासा दिसलाच नाही. त्याला फक्त स्वतःचं नाव ऐकू आलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं त्या माशाचे मनापासून आभार मानले आणि वजन झाल्यावर स्वतःच्या हातानं त्याला पाण्यात सोडलं.

पहिलं बक्षीस त्यांचंच! लोकांनी घेरलं, "कुठलं आमिष?"

"घरचं आहे. जावयानं बनवलंय," होइट छाती फुगवून म्हणाले.

झालं! दुसऱ्याच दिवशी सासरेबुवा बर्लकडची उरलीसुरली जुनी आणि दुकानातली नवी, अशी पिशवीभर गांडुळं घेऊन दारात हजर. "चल, विरघळव!" दोघं अंगणात उन्हात खुर्च्या टाकून बसले. गोळा झाला, लचके तुटले, शेपट्या लोंबल्या. त्या शनिवारी काही लागलं नाही. पुढच्याही नाही. सगळा उन्हाळा एका माशानं त्या लचक्याकडं ढुंकून पाहिलं नाही!

"मिस्टर होइट," लायल शेवटी घाबरत म्हणाला, "तो आमिषाचा गुण नव्हता. तो मासाच वेडा असणार."

होइट यांनी बोटीत बसायला त्याला हात दिला.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं रे. पण वेडा का होईना, आपल्याच वाट्याला आला ना! चल, बस."