गिऱ्हाईक परतवणारं दुकान

माझ्या बाबांइतकं वाईट दुकान या भूतलावर दुसऱ्या कुणी चालवलं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते! पैज लावायची तर लावा. पुरावा म्हणून त्यांचा शेवटचा शनिवार घ्या.

मी ज्या वाचनालयात काम करते ते शनिवारी अर्धा दिवस असतं. दोनला कुलूप लावायचं आणि अडीचला चौकातल्या रेकॉर्डच्या दुकानात बाबांसमोर जाऊन बसायचं, हा माझा कित्येक वर्षांचा क्रम. दुकानात खुर्च्या दोनच. एक मालकाची, एक गिऱ्हाइकाची. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर माझ्या पाठीचा आकार उमटला होता, यावरून दुकानाची भरभराट ओळखा.

त्या शनिवारी मात्र चक्क एक तरुण आत आला.

"काका, सासऱ्यांना भेट द्यायचीय. ती वरची रेकॉर्ड दाखवता?"

"तिला ओरखडा आहे."

"मग शेजारची?"

"ती उन्हानं वाकलीय."

"आणि ही?"

"ही उत्तम आहे. पण सासरे स्वभावानं कसे आहेत?"

"जरा तापट आहेत."

"मग घड्याळ द्या. शेजारीच मिळेल."

तो शेजारी गेला आणि घड्याळ बांधून घेऊन निघूनही गेला!

"बाबा, महिन्याभरातलं ते एकमेव गिऱ्हाईक होतं!"

"म्हणून तर. एकुलतं एक गिऱ्हाईक, त्याच्या गळ्यात भलतंसलतं कशाला मारायचं?"

मग त्यांनी रुमालानं पुसून एक रेकॉर्ड लावली. तिचं कव्हर टेबलावर पडलं होतं. त्यावर चड्डीतला एक मिशीवाला पायाचे अंगठे धरून उभा होता आणि वर लिहिलं होतं, 'घरच्या घरी व्यायाम'. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे होतं. तो जरा सैलावला तशी मी म्हणाले, "वा! काय आर्तता आहे!"

"अगं, अजून वाद्यं जुळवतायत," बाबा म्हणाले.

तुम्हाला म्हणून सांगते, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण गाण्यावरची पुस्तकं मी ढिगानं वाचली आहेत. दर शनिवारी त्यातलं एक विशेषण पाठ करून जायचं आणि बाबांचे डोळे मिटले की सोडून द्यायचं. आर्त, भरदार, दाणेदार. बाबा खूश व्हायचे. "कान आहे हो पोरीला," असं चौकभर सांगत सुटायचे. एवढी वर्षं तीर बरोबर लागत होते. त्या दिवशी जरा घाई झाली, इतकंच.

सोमवारी सकाळी शेजारच्या घड्याळवाल्या काकांचा फोन आला. शटर अर्धं वर होतं आणि बाबा आत आपल्या खुर्चीत बसलेले होते, असं ते म्हणाले. बाकी मी काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी बूटवाले घरी आले. हे आमच्या चौकातल्या व्यापारी संघटनेचे अध्यक्ष. शहराबाहेर मोठा मॉल झाला आणि आमचा चौक ओस पडला, तेव्हापासून ते चौकात माणसं परत आणायच्या मागे लागले आहेत. दर शनिवारी संध्याकाळी गाड्या बंद, मधोमध पन्नास खुर्च्या आणि काहीतरी कार्यक्रम! पहिल्या शनिवारी जादूगार होता. सहा जण जमले, त्यातले चौघे जादूगाराच्या घरचे. दुसऱ्या शनिवारी रक्तदाब तपासणी ठेवली, तर खुद्द अध्यक्षांचाच वाढलेला निघाला.

"ताई, दुकानाचे मालक महिनाअखेर जागा मोबाइलच्या कव्हरवाल्याला देणार आहेत," ते म्हणाले. "पण पुढच्या शनिवारी आपण तुमच्या बाबांच्या रेकॉर्डी चौकात वाजवू. पन्नास खुर्च्या भरल्या, तर जागा संघटना घेईल. रेकॉर्डी तिथेच राहतील. रोज संध्याकाळी कुणीही यावं, बसावं, ऐकावं."

"आणि नाही भरल्या तर?"

अध्यक्षांनी बुटांकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं की ते बुटांकडेच पाहतात.

"भरतील!" मी म्हणाले. "मी आठ दिवसांत सगळ्या रेकॉर्डींची सूची करते. विषयवार, अकारविल्हे. वीस वर्षं वाचनालयात काय मी धूळ झटकतेय?"

आठ दिवस रोज संध्याकाळी दुकानात जात होते. दोन खुर्च्यांपैकी कुठल्या खुर्चीत बसावं ते ठरेना, म्हणून जमिनीवर बसून काम केलं. बाहेरून जाणारे काचेतून डोकावायचे, बाबांची खुर्ची रिकामी बघून पुढे जायचे. खाली मी आहे हे कुणाला दिसत नसे. मीही हाक मारली नाही.

अकराशे बारा रेकॉर्डी! प्रत्येक कव्हरावरचं नाव कार्डावर उतरवलं. आतल्या तबकडीच्या मधल्या नावावर बाबांनी कोरा कागद चिकटवून त्यावर नुसता आकडा घातला होता. मला भरून आलं. बाबाही सूचीवाले! आकड्यांचा कशाशीच मेळ बसत नव्हता, पण ते मी प्रेमापोटी चालवून घेतलं. वाचनालयात एखाद्यानं असं केलं असतं तर त्याला उभा केला असता.

शनिवार उजाडला. संध्याकाळी एकतीस माणसं आली. म्हणजे एकोणीस खुर्च्या रिकाम्या. पुढच्या रांगेत माझी आत्या आणि तिच्या शेजारी निवृत्त पोस्टमास्तर. एका थोर गायिकेची एकच रेकॉर्ड विकत घ्यायला ते बावीस वर्षं दुकानात येत होते, आणि बावीस वर्षं बाबा त्यांना "ओरखडा आहे" म्हणून परत पाठवत होते.

"आज लावणार ना ती?" त्यांनी विचारलं. इस्त्रीचा सदरा घालून आले होते बिचारे.

"पहिलीच तीच!" मी म्हणाले. गायिकेचा फोटो असलेल्या कव्हरातून तबकडी काढली, माइक हातात घेतला आणि पाठ केलेलं बोलू लागले, "रसिकहो, आता जो स्वर आपण ऐकाल त्यात आर्तता आहे, दाणेदारपणा आहे, आणि..."

सुई टेकली.

"पाय जुळवा!" चारही स्पीकरमधून एक पुरुषी आवाज गरजला. "छाती बाहेर! हात वर! एक, दोन!"

एकतीस माणसं माझ्याकडे बघू लागली. मी सुईकडे बघू लागले. तेवढ्यात अध्यक्षांना वाटलं, कार्यक्रम असाच आहे! ते पटकन उठले आणि त्यांनी हात वर केले. अध्यक्षच उठले म्हटल्यावर सगळे उठले. पोस्टमास्तरांनी दोनदा हात वर केले आणि तिसऱ्यांदा वरच ठेवून विचारलं, "त्या कधी गाणार?"

"बाईंचा आवाज बसलाय वाटतं," आत्या म्हणाली.

मी ती काढली आणि घाईघाईनं दुसरी लावली. कव्हरावर एक वृद्ध गायक, चेहऱ्यावर अपार शांती. सुई टेकली आणि चौकात कुत्रं भुंकलं. मग दुसरं. ती तबकडी नाटकांसाठी लागणाऱ्या आवाजांची होती! आमच्या चौकातली खरी कुत्री आधी अवाक् झाली, मग चारी गल्ल्यांमधून उत्तर द्यायला धावत आली. त्यावर बाळ रडलं. तीन खिडक्या उघडल्या आणि तीन आयांनी आपापलं बाळ तपासलं. काच फुटली. चष्मेवाला स्वतःच्या दुकानाकडे पळाला.

"बंद कर गं!" आत्या ओरडली.

"करतेय!" पण बटण कुठलं? मी फिरवलं ते आवाजाचं निघालं, आणि नेमकी त्याच क्षणी अग्निशमन बंबाची घंटा सुरू झाली. पूर्ण आवाजात!

मग काय विचारता! पाच वर्षांत जी माणसं चौकात फिरकली नव्हती, ती दोन मिनिटांत बाहेर पडली. कुणी बादली घेऊन, कुणी पोपटाचा पिंजरा घेऊन, एक जण अर्ध्या गालाला साबण लावून. "कुठे लागली? कुणाकडे लागली?" प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता. ज्यांची वर्षानुवर्षं गाठ नव्हती ते एकमेकांना बादल्या देत होते. "अरे, तू अजून इथेच राहतोस?" "मी इथेच आहे, तूच कुठे दिसत नाहीस!" कुणीतरी शहाण्यानं फोन केला असावा, कारण थोड्याच वेळात खराखुरा बंब आला! मी चारचौघांत माफी मागितली. बंबातले चौघे एकमेकांकडे बघून हसले. "आलोच आहोत तर बसतो जरा," म्हणत शिरस्त्राणं मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसले.

अध्यक्ष माणसं मोजत होते. एक्कावन्न! साबणवाला उभाच होता.

"आता गाणं लावा, ताई," ते कानात म्हणाले. "नाहीतर उठतील सगळे."

"कुठून लावू? सगळी कव्हरं खोटी आहेत!"

घड्याळवाले काका पुढे आले. "खोटी नाहीत, अदलाबदल आहे. जी रेकॉर्ड विकवत नसे, ती तुमचे बाबा कुणी मागणार नाही अशा कव्हरात ठेवत. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार. दर शनिवारी तुम्ही तर समोर बसलेल्या असायचात!"

समोर बसलेली होते खरी.

पोस्टमास्तर मात्र खुर्चीतून ताडकन उठले. बावीस वर्षांचा हिशेब त्यांच्या डोक्यात एका क्षणात लागला असावा. "व्यायाम!" ते ओरडले. "ताई, व्यायामाचं कव्हर आणा!"

मी दुकानात धावले. चड्डीतला मिशीवाला टेबलावरच होता, बाबांनी ठेवला होता तसाच. तबकडी लावली. वाद्यं जुळली. आणि मग ती बाई गायला लागली.

काय सांगू तुम्हाला? चौक गप्प झाला. पोपटवालीनं पिंजऱ्यावर पदर टाकला. बंबवाल्यांतला एक जण मान खाली घालून बसला. पोस्टमास्तरांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. एक्कावन्न माणसांना एकाच वेळी काहीतरी कळत होतं. मला काही कळत नव्हतं. मी सवयीनं समोर बघितलं, कुणाचा चेहरा सैलावतोय ते शोधायला. समोर प्लेअर होता.

रेकॉर्ड संपली तेव्हा टाळ्यांना बराच उशीर झाला. अध्यक्ष माइक घेऊन आले. "जागा आपली झाली, ताई! आता तुम्ही दोन शब्द बोला. बाबांनी तुम्हाला केवढा कान दिला! या गाण्याबद्दल तुम्ही नाही बोलणार तर कोण?"

माइक हातात आला. मी विशेषण शोधलं. आर्त वापरून झालं होतं. दाणेदारही. बाबांना एकही खरं नव्हतं दिलं, सगळी उसनी. ओठ हलले, पण शब्द माझे मलाच ऐकू आले नाहीत.

"मागे ऐकू येत नाही!" बंबवाले म्हणाले.

मी पुन्हा बोलले. पुटपुटल्यासारखंच झालं.

"मोठ्यानं बोल गं," आत्या म्हणाली, पण हळूच.

मग मी मोठ्यानं बोलले. इतक्या मोठ्यानं, की चारही स्पीकरांनी ते चारी गल्ल्यांत नेऊन पोचवलं.

"मला गाण्यातलं काही कळत नाही, बाबा! मी नुसती तुमच्याजवळ बसायला यायचे!"