वैरागडेकाका आणि जुनी खाण

वैरागडेकाका कुणाकडेही गेले की आधी दारातच टाचेनं जमीन ठोकतात. कॅलिफोर्नियातली आमची घरं लाकडी, त्यामुळे ठोकलं की घुमतंच. मग मान हलवून म्हणतात, "पोकळ आहे बाप्पा." आमच्या गृहप्रवेशाला त्यांनी हे भटजींसमोर म्हटलं होतं. माझ्या सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत.

काका चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. आता लेकीकडे असतात. शेजारच्या डोंगरात सोन्याच्या खाणींचं एक जुनं गाव आहे, तिथल्या छोट्या म्युझियममध्ये शनिवारी व्हॉलंटियर म्हणून जातात. दगड कुटायचं भलंमोठं यंत्र दाखवताना कुणी विचारलं, "पण सोनं कुठे आहे?" की काका चिडतात. "सोनं पाहायचं तर सराफाकडे जा ना! इथे माणसं पाहा." मग ती माणसं सुरू होतात. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार, डोंगर फोडून पाण्याचे पाट काढणारे चिनी मजूर. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या लोकांबद्दल काका असं बोलतात, जणू कालच त्यांच्याशी भांडण झालंय.

यंदा मराठी मंडळाची रविवारची पिकनिक त्याच गावाजवळच्या पार्कमध्ये होती. रस्सीखेच लावायची म्हणून आमचा अध्यक्ष मंदार दोर घेऊन मोकळ्या जागेकडे निघाला. काका आडवे आले.

"तिथं नको. ते गवत पाह्य जरा. मधोमध बशीसारखं बसलंय. जुन्या नकाशात इथंच कुठंतरी विहिरीसारखा खड्डा दाखवलाय, थेट खाणीत उतरणारा."

"काका, परमिट आहे आपल्याकडे. पार्कवाल्यांनीच ही जागा दिलीय."

"परमिट कागदावर उभं राहते बे, माणसं जमिनीवर."

मंदार वैतागला. "दर वेळी काय यार! मागच्या वर्षी स्टेज पोकळ होतं म्हणून नाटक अर्धा तास थांबवलंत."

लोक हसले. खरं सांगते, मीही हसले. काकांनी मात्र मंदारच्या हातातला दोर हिसकावला, स्वतःच्या कमरेला गुंडाळला आणि झाडाखाली ठाण मांडून बसले. दोर नाही तर खेळ नाही. मंदार पार्कच्या माणसाला बोलवायला गेला. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

तेवढ्यात बॉलमागे धावत माझी सहा वर्षांची मीरा नेमकी त्या बशीत शिरली.

"मीरा! स्टॉप!" काकांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती दचकून थांबली. तिचा डावा पाय घोट्यापर्यंत मातीत गेला.

मी धावले. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर वळ होता. "तू गेलीस तर दोघी जाल." मग तिला, अगदी शांतपणे, "मीरा बेटा, लाय डाऊन. मगरीसारखी. ऑन युअर टमी."

"माय फूट इज स्टक, आजोबा!"

"असू दे. बूट सोड. स्लोली."

कमरेचा दोर सोडत काका स्वतः पालथे पडले, कोपरांवर थोडं सरकले आणि दोर फेकला. पहिल्यांदा तो लांब पडला. दुसऱ्यांदा तिच्या हाताशी आला. मंदार धावत परत आला होता. त्यानं काकांचे पाय धरले, मी मंदारचा शर्ट. आम्ही वीतवीत ओढत राहिलो. मीरा माझ्या मिठीत आली आणि मागे काहीतरी सुस्कारल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर कॅरम बोर्डाएवढं भोक होतं. बूट त्यात गेला. पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

मंदार तिथंच बसून रडायला लागला. काका त्याच्या पाठीवरची माती झटकत म्हणाले, "ऊठ. चहा कर सगळ्यांसाठी."

परतताना काका माझ्या गाडीत होते. मीरा मागे झोपली होती. काकांनी घड्याळ पाहिलं, भारतात सोमवारची सकाळ झाली होती, आणि फोन लावला.

"ताराबाई, उठल्या का? गुडघा काय म्हणते? ... नातीचा पेपर कसा गेला?" दहा मिनिटं तूर, गुडघा आणि नात. आजच्या दिवसाबद्दल एक शब्द नाही.

"बहीण का काका?" मी विचारलं.

"नाही. तिचा नवरा, गणपत, माझ्या खाणीत होता. मी रिटायर व्हायच्या वर्षी गेला. पाण्यानं भरलेल्या जुन्या बोगद्याची रेघ माझ्या नकाशात राहून गेली होती. खणता खणता भिंत फुटली, पलीकडून पाणी घुसलं. चौकशीत माझं नाव नाही आलं. मीच तिच्या घरी जाऊन सांगितलं, चूक माझी म्हणून."

"मग?"

"मग काय. तेव्हापासून दर सोमवारी, तिच्या सकाळी फोन करतो. पहिली दोन वर्षं ती उचलायची आणि काहीच बोलायची नाही. मीही नाही. नुसता तिच्या चुलीचा आवाज यायचा. मग एक दिवस म्हणाली, साहेब, जेवले का?"

काका खिडकीबाहेर पाहू लागले.