मामांनी रिव्हर्स टाकला

थांबा, हातातलं काम ठेवा. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मी फुटेन. आमच्या अंबादासमामांनी काल गाडीचा रिव्हर्स गिअर टाकला!

हसू नका. तुम्हाला मामा माहीत नाहीत म्हणून हसताय. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. जॉबर आहेत, म्हणजे कारखान्यातला माग बिघडला की दुरुस्त करणारे. चालत्या मागाला कान लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "उजव्या अंगाचा बोल्ट ढिला हाय." आणि असतोच! गल्लीत कुणाचा मिक्सर लागला तरी घरात बसून सांगतील, "शेंगा जास्ती टाकल्या, दम लागलाय त्याला."

तर ह्या माणसानं आठ वर्षांपूर्वी एक जुनी पांढरी कार घेतली आणि आठ वर्षांत एकदाही मागं घेतली नाही. एकदाही! घरासमोर लावायची तर अख्ख्या पेठेला वळसा. बोळात समोरून टेम्पो आला तर हे हलत नाहीत, टेम्पोवाला शिव्या देत मागं जातो. माझ्या ताईच्या लग्नात हॉलचं गेट दहा पावलं मागं राहिलं, तर मामा पार पुढच्या चौकातनं फिरून आले. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसलेली. वर म्हणतात काय, "गेलं ते गेलं. फुडचं बघा." मग काय, फुडचं म्हणजे जेवणच होतं.

आरसे? बाजूचे दोन्ही मिटलेले. मधल्यावर कारखान्यातला टॉवेल. मी चिडवलं की म्हणतात, "आरशात बघत गाडी हाणायला मी काय नवरदेव हाय का?"

मामी त्यांच्याच तोलाच्या. गाडीत कायम मागं बसणार, त्यातही आडव्या वळून, तोंड मागच्या काचेकडं. "मोटरसायकल येतीय, जाऊ द्या तिला. आता ट्रक हाय." सारखी कॉमेंट्री. आम्हाला वाटायचं, खोडच आहे.

ह्या मामी घरी टॉवेलच्या कडा शिवतात. शिलाई मशीनच्या वर एक जुनं कॅलेंडर टांगलंय. वर्ष कधीच संपलं, पण डिसेंबरचं पान तसंच. त्यावर घाटाचं चित्र, डोंगर वर आणि ढग खाली. मामी सुईत दोरा ओवता ओवता म्हणायच्या, "ढग खाली असतात म्हणं गं. आपल्या सोलापुरात तर वर पण नसतात."

बास, एवढंच बघायचं होतं त्यांना. आणि मामांनी कबूल केलं होतं. दरवर्षी.

यंदा नाताळच्या सुट्टीत निघालो एकदाचे! पहाटे चारला. ठरलेलं असं, की कराडवरनं कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळुणात मासे खायचे आणि परत. मी पुढच्या सीटवर मोबाईल घेऊन. रस्ताभर माझं नावच पडलं नकाशा. "ए नकाशा, फुडं काय?" "मामा, सरळ." "सरळ तर मला पण कळतंय की!" मागनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी येत होती, आणि कॉमेंट्री.

घाटमाथ्यावर पोचलो आणि पोपट झाला. धुकं! सगळं पांढरं, जसं तोंडावर टॉवेल टाकलाय. टपरीवर तीन तीन चहा झाले. मामी कठड्याला धरून पाऊण तास उभ्या. कायबी दिसंना. शेवटी त्याच म्हणाल्या, "राहू द्या. निघू या."

 मामा 'गेलं ते गेलं' पण म्हणाले नाहीत. गाडी काढली, पहिलं वळण घेतलं, शंभरेक पावलं खाली आलो असू, आणि मागनं मामी किंचाळल्या, "अहो! उघडलं! उघडलं ओ!"

मामांनी गाडी कडेला घेतली. आमच्या बाजूला नुसती दरड. जे काय उघडलं होतं ते मागं, त्या कठड्यापाशी. मामींचे गुडघे गेलेत, चालत चढ चढेपर्यंत धुकं परत यायचं. गाडी वळवायला जागा नाही. मी मामांकडं बघितलं. मामा समोर बघत होते.

आणि कर्रर्रर्र! रिव्हर्स!

"मामा!" मी ओरडले. "मागं बघा की!"

"माझी मान वळत न्हाई गं," मामा एकदम हळू बोलले. "माग ऐकून ऐकून आखडली. गाडी घ्यायच्या आधीच. आरशाकडं पण फिरत न्हाई. कारखान्यात कळलं तर बोलवणं बंद करतील. कुटं बोलू नको."

आणि मी येडी आठ वर्षं त्या आरशावरनं चिडवत होते.

तेवढ्यात खालनं एसटी येऊन थांबली. कंडक्टरनं उडी मारली, शिट्टी फुंकून हात हलवायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या!" मामा खिडकीतनं ओरडले, "तुमी गप बसा! मी फकस्त हिचं ऐकतो!"

मामींनी मागच्या खिडकीतनं अर्धं अंग बाहेर काढलं. "या... या... दगड हाय, जरा डाव्या हाताला... सरळ... या..." मामांनी डोळे मिटले! खरंच मिटले, माग ऐकताना मिटतात तसे. "मामा, डोळे!" "गप गं, ऐकू दे!" आणि इंचभर इंचभर करत गाडी वळण चढली. मामी म्हणाल्या, "बास!" आणि अख्ख्या एसटीनं टाळ्या वाजवल्या!

खाली ढग होते. पार लांबपर्यंत, पिंजलेल्या कापसासारखे, आणि त्यातनं डोंगरांची डोकी वर आलेली. मामी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कॅलेंडरात लई बारीक काढलंय की."

मामा गाडीतनं उतरून तसेच उभे, तोंड टपरीकडं. मामींनी त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि हळूच अख्खे मामाच दरीकडं वळवले. "हितं बघा. हितं हाय."

पाच मिनिटांत धुकं परत आलं. मासे पण खाल्ले आम्ही, झकास होते, पण ते सांगायला मी आले नाही. ही मानेची गोष्ट लिहू का, म्हणून आज सकाळी मामांना विचारलं. म्हणाले, "लिव्ह. रिव्हर्स पडतोय म्हणून पण लिव्ह."

तुमचं पण झालंय का असं कधी? ज्याला वर्षानुवर्षं चिडवत आलात, त्याच्यासाठी कुणीतरी गुपचूप मागं बघत बसलेलं होतं, असं?